ओबडधोबड दगडाच्या घडीव कडा

फ्रेमिंगहॅमहून बॉस्टनला जाणारी सकाळची लोकल मी सहा वर्षं पकडतेय. आता गाडी जिथे थांबते तिथून थोडंसं बाजूला जुन्या स्टेशनची दगडी इमारत आहे, बसकी, रुंद, आणि डोक्यावर एवढं मोठं छप्पर की लांबून बघितलं तर आधी छप्परच दिसतं आणि मग खाली भिंती असल्याचं कळतं. पहिली काही वर्षं मला ती फक्त एक जुनी इमारत वाटायची. पावसात आडोशाला बरी, एवढंच.

मग दोन वर्षांपूर्वी आई आली भारतातून, सहा महिन्यांसाठी. तिला पहिल्यांदा बॉस्टन दाखवायला घेऊन निघाले त्या दिवशी गाडीला वीस मिनिटं उशीर होता. आई तिच्या सवयीने हिंडत हिंडत त्या इमारतीपाशी गेली आणि भिंतीवर तळहात टेकवून उभी राहिली, बराच वेळ. मला वाटलं दमली असेल. जवळ गेले तर म्हणाली, "अगं, हा दगड मुद्दाम असा ठेवलाय. तोंड फोडलंय तसंच सोडलंय, पण कडा बघ किती धरून घडवल्यात."

आईचे वडील, म्हणजे आमचे आबा, वाईकडचे. दगडाचं काम करायचे. आईचं लहानपण टाकीच्या आवाजात गेलं, घरात दगडाची कच बारा महिने पायाला टोचायची असं ती सांगते. त्यामुळे तिने बघितलेली गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नव्हती यात नवल नाही. प्रत्येक दगडाचं दर्शनी तोंड खाणीतून फुटून आल्यासारखं, पुढे आलेलं, खडबडीत. पण जिथे एक दगड दुसऱ्याला भेटतो तिथे सांधा सरळ, बारीक, सुतात. "तोंड सोडायचं असेल तर कडा जास्त सांभाळाव्या लागतात," आई म्हणाली, "नाहीतर नुसता ढीग दिसतो."

त्या रात्री मी पहिल्यांदा शोधलं की हे स्टेशन बांधलं कुणी. नाव मिळालं हेन्री हॉब्सन रिचर्डसन. आणि मग पुढचे कित्येक महिने मी या माणसात अडकले ती अजून सुटलेली नाहीये.

रिचर्डसनचा जन्म 29 सप्टेंबर 1838चा, लुइझियानामधला, मिसिसिपीकाठच्या एका उसाच्या मळ्यावरचा. हे लिहिताना थांबावं लागतं, कारण त्या काळात त्या भागातला उसाचा मळा म्हणजे गुलामांच्या कष्टांवर उभा असलेला मळा. घरची सुबत्ता तिथूनच आलेली. पुढे त्याने जे काही सुंदर उभारलं त्याच्या मुळाशी पॅरिसमधलं शिक्षण होतं आणि त्या शिक्षणाचा पहिला पैसा या अशा घरातून आला होता, हे बाजूला ठेवून त्याच्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही. आईच्या बाजूने तो ऑक्सिजनवाल्या जोसेफ प्रीस्टलीचा पणतू. बोलताना अडखळायचा, आणि त्या तोतरेपणामुळेच म्हणे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं राहिलं. मग हार्वर्डला गेला, तिथे इंजिनीअर व्हायचं म्हणता म्हणता मन आर्किटेक्चरकडे वळलं, आणि 1860मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये दाखल झाला. तिथे शिकलेला तो दुसरा अमेरिकन आर्किटेक्ट, पहिला रिचर्ड मॉरिस हंट.

आणि लगेच इकडे यादवी युद्ध पेटलं. 1862मध्ये न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या ताब्यात गेलं आणि घरून येणारे पैसे बंद झाले. पॅरिसमध्ये मजेत राहणारा हा मुलगा एकदम पोटापाण्याच्या मागे लागला, तेओदोर लाब्रूस्तच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायला लागला आणि उरलेल्या वेळात शिकायला. मला वाटतं याच दिवसांनी तो घडला, कारण दुसऱ्याचं ड्रॉइंग स्वच्छ काढून देताना भिंतीची जाडी, पायरीची उंची, खिडकीचा खोबणा हे सगळं हातात बसतं, पुस्तक वाचून ते तसं बसत नाही. 1865मध्ये युद्ध संपल्यावर तो परत आला, पण लुइझियानाला नाही, न्यूयॉर्कला. सुरुवातीला काम नव्हतं. 1866मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड गावातलं एक चर्च मिळालं, पुढच्या जानेवारीत लग्न झालं. स्टेटन आयलंडवर राहायला गेला आणि तिथे दोस्ती झाली ती फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडशी, न्यूयॉर्कचा सेंट्रल पार्क करणारा तोच. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली, इतकी की रिचर्डसन बॉस्टनजवळ ब्रुकलाइनला राहायला आल्यावर काही वर्षांनी ओल्मस्टेडही तिथेच शेजारी आला.

तर आई आणि मी त्या पहिल्या दिवशी बॅक बे स्टेशनला उतरलो आणि पाच मिनिटं चालून कॉप्ली स्क्वेअरला पोचलो. समोर ट्रिनिटी चर्च. तेव्हा मला माहीतही नव्हतं की ज्या माणसाच्या स्टेशनपासून निघालो त्याच्याच दाराशी येऊन उभ्या आहोत. आईने मात्र लांबूनच ओळखलं, "हा तोच हात आहे."

ट्रिनिटीची गोष्ट सांगायची तर आधी जमिनीची सांगावी लागते. बॅक बे म्हणजे मुळात खाडीच. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. 1850च्या दशकाच्या अखेरीपासून नीडहॅमवरून आगगाडीच्या वाघिणींतून खडी आणि रेती आणून टाकत टाकत तिथे जमीन केली. 1872मध्ये ट्रिनिटीवाल्यांनी या नव्या भरावावर चर्च बांधायचं ठरवलं, सहा आर्किटेक्टना बोलावलं, त्यातून रिचर्डसन निवडला गेला, वय 33. त्याच वर्षी नोव्हेंबरात बॉस्टनला प्रचंड आग लागली आणि गावातलं जुनं ट्रिनिटी चर्च जळून गेलं, त्यामुळे मग घाई झाली.

आता भरावावर एवढा दगडी मनोरा उभा कसा करायचा? त्यांनी साधारण साडेचार हजार लाकडी खांब चिखलातून खाली ठोकले, खालच्या घट्ट थरापर्यंत. मधल्या मनोऱ्याचा भार चार मोठ्या खांबांवर येतो, त्या प्रत्येकाखाली ग्रॅनाइटचा एकेक पिरॅमिड रचला, तळाला जवळजवळ पस्तीस फूट रुंद, आणि हे पिरॅमिड त्या लाकडी खांबांवर टेकवले. म्हणजे एवढं सगळं दगडाचं वजन शेवटी लाकडावर आहे. आणि त्या लाकडाची अट एकच, ते सतत पाण्यात बुडालेलं राहिलं पाहिजे. भूजलाची पातळी खाली गेली, लाकडाच्या डोक्याला हवा लागली की ते कुजायला लागतं. म्हणून आजही त्या सगळ्या भागात निरीक्षण विहिरी आहेत, पाण्याची पातळी मोजत राहतात. आपल्याकडे घरात ओल आली की जीव कासावीस होतो आणि इथे ओल गेली तर घर जाईल. चर्चच्या तळघरात गेलात तर ते ग्रॅनाइटचे पिरॅमिड आता उघडे करून ठेवलेत, नक्की बघा. मी तर म्हणेन रंगीत काचा नंतर बघा, आधी खाली जा.

वर आत शिरलं की अंधार असतो, आणि डोळे सरावले की कळतं हा अंधार नाहीये, रंग आहे. गडद तांबडा, हिरवा, सोनं. जॉन ला फार्ज नावाच्या चित्रकाराकडे रिचर्डसनने भिंती सोपवल्या आणि 1876-77च्या हिवाळ्यात, इमारत अर्धवट असताना, थंडीत परांचीवर उभं राहून ला फार्जच्या मंडळींनी त्या रंगवल्या. 9 फेब्रुवारी 1877ला चर्च खुलं झालं. बाहेरून गुलाबीसर ग्रॅनाइट, त्यात लाल-तपकिरी वालुकाश्माच्या पट्ट्या. मनोरा स्पेनमधल्या सालामांकाच्या जुन्या कॅथीड्रलवरून सुचलेला, आणि त्याचं बरंचसं ड्रॉइंग काढलं ऑफिसातल्या एका तरुण पोराने, स्टॅनफर्ड व्हाइट त्याचं नाव, जो पुढे स्वतःच मोठा आर्किटेक्ट झाला. बांधणारे वुस्टरचे नॉरक्रॉस बंधू, जे पुढे रिचर्डसनची बहुतेक मोठी कामं करत राहिले. मला हे आवडतं की त्याने कंत्राटदार सारखे बदलले नाहीत, कारण त्याला हवा तसा दगड लावायला शिकलेली माणसं रोज मिळत नाहीत. आबा म्हणायचे म्हणे, मालक बदलला तर चालतो, जोडीदार बदलला की हात बिघडतो.

1885मध्ये अमेरिकेतल्या एका आर्किटेक्चरच्या साप्ताहिकाने वाचक आर्किटेक्टना देशातल्या दहा सर्वोत्तम इमारती विचारल्या. ट्रिनिटी पहिली आली, आणि दहापैकी पाच इमारतींत रिचर्डसनचा हात होता. वय 46. आणि तेव्हा तो मरत होता.

हा भाग मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो. त्याला मूत्रपिंडाचा जुना विकार होता, तेव्हा ब्राइट्स डिसीज म्हणायचे, त्यावर इलाज नव्हता. देह प्रचंड, वजन तीनशे पौंडांच्या वर. ब्रुकलाइनच्या घराला लागूनच त्याने ऑफिस काढलं होतं, ड्रॉइंग काढणाऱ्या पोरांसाठी लहान लहान कप्पे, त्यांना ती मंडळी कोंबड्यांची खुराडी म्हणायची. मालक अनेकदा अंथरुणात. सकाळी पोरांना खोलीत बोलवायचं, पडल्या पडल्या छोट्याशा कागदावर एक दोन रेघांचं स्केच द्यायचं, मग ती खाली जाऊन मोजून मापून मोठं काढणार, परत वर आणणार, आणि हा त्यावर पेन्सिल चालवून भिंत जाड करणार, खिडकी खाली ओढणार, एखादी नक्षी पुसून टाकणार. उत्साह मात्र कधी कमी झाला नाही असं त्याला ओळखणारे सगळे सांगतात. जेवणं व्हायची, पाहुणे यायचे, भडक पिवळे जाकीट घालून तो गप्पा मारायचा.

मी विचार करत राहिले की आजारी माणूस हलकं काहीतरी का बांधत नाही. पण मग वाटलं, ज्याला आपलं शरीर कधी दगा देईल सांगता येत नाही तो टेकायला जागा शोधतो. आणि रिचर्डसनच्या इमारती टेकलेल्या असतात. त्यांच्या कमानी जमिनीच्या अगदी जवळून सुरू होतात, रुंद आणि खाली, त्यात शिरताना आपण कुशीत शिरल्यासारखं वाटतं. त्याच काळातल्या इतर टोकदार, नक्षीदार इमारती वर वर ओढ घेत असतात, याची इमारत मांडी घालून बसते. त्याचं वजन कुणाला दाबत नाही. नॉर्थ ईस्टनला एम्स कुटुंबासाठी, ज्यांचा फावड्यांचा कारखाना होता, त्याने 1880-81मध्ये एक फाटकावरचं घर बांधलं ते मोठमोठ्या गोट्यांचं, हिमनद्यांनी आणून टाकलेले न घडवलेले धोंडे तसेच रचून. लांबून वाटतं शेताच्या बांधालाच दारं खिडक्या फुटल्यात. आईने त्याचा फोटो बघितला आणि म्हणाली, "याला घडवायला येतं म्हणून याला सोडता येतं."

छोट्या कामांत तो मोठ्या कामांइतकाच जीव ओतायचा. बॉस्टन अँड ऑल्बनी रेल्वेसाठी 1881पासून त्याने एकामागून एक उपनगरी स्टेशनं केली, फ्रेमिंगहॅमचं त्यातलंच. स्टेशन म्हणजे काय लागतं, तर थांबायला जागा आणि डोक्यावर छप्पर, बस तेवढंच त्याने दिलं, पण छप्पर असं पुढे काढलं की पावसात गाडीची वाट बघणारा माणूस भिजू नये. आजूबाजूची झाडं ओल्मस्टेडने बघितली. त्यातलं ऑबर्नडेलचं, सगळ्यात आधीचं, टर्नपाइक हायवेसाठी पाडलं. मी रोज गाडीतून तो हायवे रुळांना खेटून जाताना बघते.

आणि शिकागोचं मार्शल फील्डचं घाऊक मालाचं दुकान. सात मजले, अख्खा एक ब्लॉक, बाहेरून ना खांब ना पुतळे, फक्त दगड आणि कमानी, खाली मोठ्या, वर लहान होत जाणाऱ्या. घाऊक मालाचं गोदाम, ते गोदामासारखंच दिसू दे, पण असं की माणूस थबकावा. लुई सलिव्हन तेव्हा त्याच गावात ऑडिटोरियम बिल्डिंगचं डिझाइन करत होता, त्याने हे बघून आपलं डिझाइन बदललं, आणि पुढे आधुनिक आर्किटेक्चर म्हणून जे काही झालं त्याचा एक धागा इथून जातो. 1930मध्ये ही इमारत पाडली. जेमतेम त्रेचाळीस वर्षं उभी होती, आणि तिच्या जागी पार्किंग केलं. जुने फोटो बघताना मला आजही राग येतो.

पिट्सबर्गचं कोर्ट आणि तुरुंग, शिकागोचं हे दुकान, आणि शिकागोतलंच ग्लेस्नर कुटुंबाचं घर, ही सगळी कामं तो मरायला टेकलेला असताना चालू होती. अजून दोन वर्षं मिळाली तर पिट्सबर्ग आणि शिकागो पूर्ण झालेलं बघता येईल, असं त्याने डॉक्टरांना बोलून दाखवलं होतं. मिळाली नाहीत. 27 एप्रिल 1886ला ब्रुकलाइनच्या घरी गेला. 47 वर्षांचा होता, सहा मुलं मागे. पिट्सबर्गचं कोर्ट 1888मध्ये पुरं झालं. ऑफिसातल्या तिघांनी, शेप्ली, रुटन आणि कूलिज, सगळी कामं त्याच्या मनासारखी तडीस नेली आणि मग स्वतःची फर्म चालवली. माझी लोकल जिथे शेवटी थांबते ते बॉस्टनचं साउथ स्टेशन याच तिघांचं, 1899चं. शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूटसुद्धा त्यांचीच, जिथे 1893 साली सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले, आणि मुंबईहून गेलेले ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकरही.

एक धागा तर आपल्या अगदी जवळचा निघाला. ट्रिनिटीच्या बाहेर एक पुतळा आहे, फिलिप्स ब्रूक्स यांचा. रिचर्डसनने चर्च बांधलं तेव्हा तिथले धर्मगुरू हेच, त्याचे मोठे स्नेही. 1882च्या उन्हाळ्यात रिचर्डसन प्रकृतीसाठी आणि थोडा हौसेखातर युरोपला गेला तेव्हा ब्रूक्स बरोबर होते. फ्रान्स, इटली, स्पेनमधली जी जुनी दगडी चर्चेस इतकी वर्षं फक्त फोटोत बघून तो डिझाइन करत होता ती तेव्हा त्याने प्रत्यक्ष पाहिली. रिचर्डसन घरी परतला, ब्रूक्स पुढे त्याच हिवाळ्यात हिंदुस्थानात आले, मुंबईही बघितली. पुढे मार्च 1886मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत पोचल्या, फिलाडेल्फियाला, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. त्याच्या पुढच्याच महिन्यात इकडे रिचर्डसन गेला. रमाबाई मग गावोगाव बोलत फिरल्या, आणि डिसेंबर 1887मध्ये बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा द्यायचा म्हणून. तिच्या उपाध्यक्षांमध्ये हे फिलिप्स ब्रूक्स. त्या पैशावर मार्च 1889मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं.

हे मी आईला त्या पुतळ्यासमोर उभं राहून सांगितलं, तिच्या दुसऱ्या खेपेला. आईची एक चुलत आजी केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये राहिलेली, घरात तिचं नाव फार घेत नसत. आई काही बोलली नाही. पुतळ्याला वळसा घालून चर्चच्या भिंतीपाशी गेली आणि परत तळहात टेकवला.

परत जायच्या आदल्या आठवड्यात मी तिला केंब्रिजला नेलं, हार्वर्डच्या आवारातला सेव्हर हॉल बघायला. 1880मध्ये पुरा झालेला, हा मात्र दगडाचा नाही, विटेचा, कारण आजूबाजूच्या जुन्या इमारती विटेच्या होत्या आणि त्यांच्या पंगतीत बसायचं होतं. विटांचे किती आकार आहेत, गोलाई, गलथे, पानं फुलं सगळं विटेत कोरलेलं. दारावर तशीच खाली, रुंद कमान, आणि त्या कमानीची एक गंमत आहे. एका टोकाला भिंतीकडे तोंड करून अगदी हळू कुजबुजलं तर आवाज त्या गोलाईवरून वर चढतो, पलीकडे उतरतो, आणि दुसऱ्या टोकाला कान लावलेल्या माणसाला स्वच्छ ऐकू येतो. मधून जाणाऱ्याला काही नाही.

आईला मी उजवीकडे उभं केलं, मी डावीकडे गेले, कान लावला. पोरं पोरी दप्तरं घेऊन मधून ये-जा करत होती. बराच वेळ काहीच आलं नाही, मला वाटलं तिला नीट समजलं नसेल. मग विटांतून आईचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं तसा.

"आबांना दाखवायला पाहिजे होतं गं."

मी भिंतीकडे तोंड करून हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "आणि चुना कुठला वापरलाय ते विचार कुणाला तरी."